चासीखालचा डबा : कंट्रोल युनिट पाणी आणि गंजापासून वाचवण्याच्या प्रकल्प नोंदी (कुपवाड, जि. सांगली)

९ एप्रिल

काम इंधनपंप चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं. जागा स्टेपनीच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीवर. गाडी दहा वर्षांची डिझेल फोर-बाय-फोर, फिरणं बहुतेक पलूस-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात. पहिलं युनिट चौथ्या वर्षी गेलं, हे दुसरं. गाडी चालता चालता झटके देते, बंद पडते, अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू होते. स्कॅनरवर यू०१०९, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा पंपाच्या युनिटशी संपर्क तुटलाय.

बॅटरीची निगेटिव्ह सोडून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन तारांमधला रोध मोजला : ६० ओहम. दोन्ही टोकांचे १२० चे रोधक शाबूत आहेत, लाइन ठीक. युनिटच्या अर्थिंगवर मात्र पंप चालू असताना ०.४ व्होल्ट पडतात. ०.१ च्या आत हवेत. अर्थिंग खराब आहेच, पण तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही.

रॅम्पवर घेतल्यावर डबा ओळखूच येईना. वरून डांबरी अंडरकोटिंगचा तीन-चार मिलिमीटर थर, त्याखाली झाकणाच्या सांध्यावरून कुणीतरी फिरवलेली सिलिकॉनची वळी. पाणी आत जाऊ नये म्हणून कष्ट कमी घेतलेले नाहीत.

१० एप्रिल

डबा उघडला. सहापैकी दोन स्क्रू तुटले. तळाशी चमचाभर गढूळ पाणी, बोर्डावर पाण्याच्या पातळीची तपकिरी रेघ. झाकणाचं रबरी पॅकिंग मात्र ठणठणीत; फाटलेलं नाही, चपटलेलं नाही. पाणी झाकणातून आलेलं नाही.

आठ पिनांच्या कपलरमध्ये सगळं लिहून ठेवलंय. कायम बारा व्होल्ट असलेल्या पिनेची कल्हई पार उडालीय, आतलं तांबं कळकून हिरवं झालंय, जाडी निम्म्यावर आलीय. शेजारची अर्थिंगची पिन जवळपास नव्यासारखी. पाणी दोघींनाही सारखंच लागलं, पण पॉझिटिव्ह पिन विरघळते आणि तिचं तांबं अर्थिंगकडे चालू लागतं. मुलामा चढवण्याच्या हौदात होतं तेच. हे काम किल्ली बंद केल्यावर थांबत नाही. उलट उभी गाडी जास्त खराब होते, कारण युनिट गरम होऊन वाळायलाही मिळत नाही.

सिलिकॉन जिथं आत शिरलं होतं, तिथलं बोर्डावरचं तांबंही निळसर-हिरवं पडलंय. नळ, बेसिनला लावतात ते सिलिकॉन हेच. नळीतून काढताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजायचं, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. बंद डब्यात ती वाफ जाणार कुठं? इलेक्ट्रॉनिक्सजवळ न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, त्यातही अल्कॉक्सी प्रकारचंच सिलिकॉन वापरायचं.

डब्याला कारखान्यातून एक श्वासछिद्र होतं, लेबलाशेजारी शर्टाच्या बटणाएवढं. ते डांबराखाली सापडलं, पूर्ण बुजलेलं. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं असावं, असा आजचा अंदाज.

१२ एप्रिल

अंदाज आकड्यांनी तपासला.

डब्यात मोकळी हवा साधारण २०० मिली. भार असताना आतलं तापमान ७० अंश धरलं, म्हणजे केल्व्हिनमध्ये ३४३. गाडी २५ अंशांच्या पाण्यात उतरली की हवा २९८ वर येते. हवा १३ टक्के आकसते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, इथला हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. त्याचे १३ टक्के म्हणजे साडेबारा किलोपास्कल, म्हणजेच सव्वा मीटरहून जरा जास्त पाण्याचा दाब. डबा पाण्यात बोटभर बुडालेला असला तरी आतून ओढ सव्वा मीटरची. फट सापडली तर एका डुबकीत २६ मिली, चहाचे पाच चमचे पाणी आत.

म्हणजे पाणी डब्यात घुसत नाही, डबाच ते पितो. श्वासछिद्र बुजवलं की तो तोंड मिटून नाकानं ओढतो, आणि नाक म्हणजे कपलर आणि तारा. आयपी ६७ चा, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याच्या मानांकनाचा, शिक्का एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून मिळतो; गरम डबा गार पाण्यात घातल्यावर काय होईल याची हमी त्या शिक्क्यात नाही.

१३ एप्रिल

गळती शोधायला मोठी यंत्रणा लागत नाही. ६० मिलीची सिरिंज, वीतभर सिलिकॉनची नळी, श्वासछिद्राच्या जागी चिकटवलेलं निपल, एवढंच. पिस्टन ३० मिलीपर्यंत ओढला की २०० ची हवा २३० मध्ये पसरते आणि दाब बरोबर १३ टक्के उतरतो. पाच मिनिटं धरून सोडायचा. पिस्टन शून्यावर परतला तर डबा घट्ट. मध्येच थांबला तर थांबला त्या आकड्याएवढी हवा आत आलीय. सिरिंजच्या रबराला सिलिकॉन तेलाचा थेंब लावायचा, नाहीतर घर्षणामुळे तीन-चार मिलीची चूक येते.

जुना डबा, जुना कपलर, जुन्या तारा जशाच्या तशा जोडून ओढलं. सोडल्यावर पिस्टन २१ वर थांबला.

मग उलटं केलं. डबा बादलीत धरून सिरिंजनं हवा आत ढकलली. झाकणाच्या सांध्यातून एक बुडबुडा नाही. कपलरच्या रिकाम्या सहाव्या भोकातून सलग माळ. तिथली रबरी खुंटी गायब होती. ती जागा बोटानं दाबली, तरी दाब उतरतच राहिला. अर्थिंगच्या तारेचं दुसरं टोक, डब्यापासून ४५ सेंटिमीटरवरचं, चासीला बोल्टनं लावायचं रिंग टर्मिनल, चहाच्या ग्लासात पाणी घेऊन बुडवलं. टर्मिनलच्या दाबलेल्या मानेतून दर दोन सेकंदांनी एक बुडबुडा. तारेवरचं आवरण धड, पण आतल्या बारीक तारांमधून हवा सरळ वाहतेय.

ज्या वाटेनं हवा बाहेर येते त्याच वाटेनं पाणी आत गेलंय. रिंग टर्मिनल चिखलात, उघड्या तारा समईच्या वातीसारखं पाणी चढवतात, डबा गार होताना ओढून घेतो. टर्मिनलवरचे ०.४ व्होल्ट आणि डब्यातलं पाणी ही दोन दुखणी नव्हेत, एकाच ठिकाणची आहेत.

२० एप्रिल

युनिट केबिनमध्ये का नेऊ नये, यावर बराच खल झाला. नेता येईल, पण पंपाला जाणारी तार सव्वा मीटर वाढते, आणि त्या तारेतून वेगानं चालू-बंद होणारा करंट जातो. लांब तार म्हणजे रेडिओत आणि इतर सेन्सरांत खरखर. शिवाय हा डबा स्वतःच उष्णता टाकणारा, गालिच्याखाली कोंडायचा नाही. ठरलं ते असं : चासीच्या रुळाच्या आतल्या बाजूला, १४ सेंटिमीटर वर, उभा बसवायचा, कपलरचं तोंड खाली. आत्तापर्यंत तो आडवा होता, कपलरचं तोंड पुढं; पुढून मागं येणारा सगळा फवारा थेट तोंडात.

डब्यात पोटिंग (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) ओतून भरून टाकू, ही सूचनाही बाजूला ठेवली. कडक इपॉक्सी गरम-गार होताना सोल्डरचे सांधे फोडते. मऊ पॉलियुरेथेन चालेल, पण पुढं एक कपॅसिटर बदलायचा तरी अख्खं युनिट भंगारात.

२७ एप्रिल

त्याच पार्ट नंबरचं जुन्या बाजारातलं चालू युनिट आणलं. या युनिटला गाडीशी कोडिंग लागत नाही, जोडून चालवून पाहिलं. मेलेला डबा चाचण्यांसाठी ठेवला.

बोर्ड धुणं : आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं, मऊ टूथब्रशनं, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा. ओव्हनमध्ये ६० अंशांवर तीन तास. हा क्रम चुकवू नये. बोर्डावर क्षार किंवा सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला आणि वर कोटिंग दिलं, तर त्याखाली ओल ओढली जाते, फोड येतात आणि गंज आतल्या आत चालू राहतो. हीटगन वापरायची नाही, एका जागी तापतं आणि ओल पुढं ढकलली जाते.

कोटिंग ॲक्रिलिक, स्प्रे. कपलरच्या पिना आणि श्वासछिद्राची जागा टेपनं झाकून दोन हात, मध्ये अर्धा तास. दोन्ही मिळून सुमारे ५० मायक्रॉन. या कोटिंगमध्ये जांभळ्या दिव्याखाली चमकणारं द्रव्य असतं. नोटा तपासायचा दिवा मारून पाहिलं. आयसीच्या पायांच्या वरच्या धारा काळ्याच दिसल्या. धारेवरून द्रव उतरतो, थर तिथं राहत नाही, आणि शॉर्ट व्हायचं तर तिथंच होतं. बारीक ब्रशनं त्या ओळी पुन्हा भरल्या. २४ तास वाळवलं.

कोटिंग म्हणजे रेनकोट, होडी नव्हे. ओलीतून आणि थेंबातून वाचवेल; आत पाणी साचून राहिलं तर काही आठवडे जास्त मिळतील, इतकंच. सिलिका जेलची पुडीही आत टाकली नाही. श्वास घेणाऱ्या डब्यात ती लवकरच भरते आणि मग नुसती ओली पुडी.

४ मे

श्वासछिद्र. झाकण अडीच मिलिमीटर प्लास्टिकचं, त्यात एम १२ चे आटे धरत नाहीत म्हणून आतून नट असलेलं ई-पीटीएफई पडद्याचं व्हेंट घेतलं. आत कोणताही भाग नाही असा कोपरा शोधून भोक पाडलं, बोर्ड बाहेर काढूनच. हा पडदा हवा आणि वाफ सोडतो, पाण्याचा थेंब सोडत नाही. बसवला तो उभ्या बाजूला, चाकाकडं पाठ करून.

व्हेंटनं सगळं मिटतं असं नाही. रोजच्या गरम-गारला ते पुरतं. पण डबा अचानक बुडाला की पडद्यावर पाणी असतं, हवा येणार कुठून? तेवढा वेळ सव्वा मीटरची ओढ पॅकिंग आणि कपलरलाच सोसायची असते. म्हणून दोन्ही लागतात, व्हेंटही आणि घट्ट सांधेही.

६ मे

ब्रॅकेट. ॲल्युमिनियमचा डबा लोखंडी पट्टीला सपाट टेकलेला होता, त्या फटीत चिखल. टेकलेल्या भागावर पांढरी भुकटी, नखानं खरवडली की खळगे. दोन धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. आपल्याकडं समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कृष्णाकाठची वाळवा, पलूस, मिरजेतली क्षारपड रानं पाहिली की मीठ कुठून येतं ते कळतं. काळी माती ओल धरून ठेवते, सुकली की पांढरी कड सोडते.

उपाय सोपा. डबा आणि पट्टी यांच्यात १० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे चिखल अडकणार नाही आणि पाण्याच्या नळीनं धुवून निघेल. एम ६ चे स्टेनलेस बोल्ट, नायलॉनचे खांदेवाले बुश आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर, जेणेकरून बोल्ट डब्याला लागणारच नाही. ब्रॅकेट तारेच्या ब्रशनं साफ, झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी रंग, कापलेल्या कडांना दोन हात जास्त.

इथं एक पाहून घ्यायचं : काही युनिटांत डबाच अर्थिंग असतो. मल्टिमीटरनं डबा आणि कपलरची अर्थिंग पिन यांत रोध मोजला, आपल्यात जोड नाही. असता तर वेगळी अर्थिंग पट्टी द्यावी लागली असती.

८ मे

कपलर आणि तारा. सहाव्या भोकाला योग्य मापाची खुंटी बसवली. कपलरमध्ये सिलिकॉनचा डायइलेक्ट्रिक ग्रीस, रबरी ओठांवर पातळ हात आणि पिनांवर नावाला. ठासून भरला तर कपलर पूर्ण बसत नाही, लॉक लागल्यासारखा वाटतो आणि पुढं सुटतो. साधा बेअरिंगचा ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं.

दोन तारांवर टेस्ट लॅम्पच्या सुईची भोकं सापडली. करंट आहे का पाहायला आवरणात सुई खुपसायची ही सवय पाऊस येईपर्यंत कुणाला नडत नाही. तेवढा तुकडा कापून नवी तार जोडली, वर आत गोंद असलेली, तापवल्यावर एक तृतीयांश मापाला आकसणारी स्लीव्ह.

रिंग टर्मिनल नवं. दाबून बसवलं, मग ४० मिलिमीटर गोंदाची स्लीव्ह अशी की निम्मी मानेवर, निम्मी आवरणावर. कडेनं गोंदाचा बारीक काठ बाहेर आला तरच ती बंद झाली असं धरायचं. चासीवर रिंगेपुरताच रंग घासून चकचकीत लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, त्यानंतर वरून मेणाचा स्प्रे. आधी मेण आणि मग बोल्ट, हे उलटं होतं तेव्हा पुन्हा व्होल्ट पडतात. मोजलं : ०.०६.

१४ मे

मेलेल्या डब्यावर हळदीची चाचणी. हळद स्पिरिटमध्ये कालवून टिपकागद रंगवला, वाळवला, चार पट्ट्या आत लावल्या : झाकणाच्या सांध्याखाली, कपलरच्या मागं, व्हेंटजवळ, तळाला. बादलीत १० लिटर पाणी आणि ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. हळदीला अल्कली लागली की कुंकू होतं. सांगलीत हळदीला तोटा नाही. सोड्यानं ॲल्युमिनियम काळवंडतं, म्हणून चांगल्या डब्यावर ही चाचणी करायची नाही.

ओव्हनमध्ये ७० अंश, एक तास. लगेच बादलीत, अर्धा तास. पहिल्या फेरीत चारही कागद पिवळे, आनंद झाला. मग लक्षात आलं की कपलरच्या तारांची मोकळी टोकं बाहेर हवेत लोंबत होती. डब्यानं तारांमधून हवा घेतली, पाण्याला ओढलंच नाही. चाचणी खोटी. टोकांना गोंदाची स्लीव्ह चढवून पुन्हा बुडवलं. व्हेंटजवळचा कागद लाल.

व्हेंटची ओ-रिंग (गोल रबरी कडी) भोकाच्या कडेला राहिलेल्या धारदार कुसळावर चिरली होती. भोकाच्या कडा मारून घेतल्या, नवी ओ-रिंग, नट पान्यानं आवळायच्या आधी ओ-रिंगला ग्रीस. पुढच्या पाच फेऱ्या पिवळ्या.

१७ मे

चांगलं युनिट, साधं पाणी, आत शाईपेननं रेघ मारलेले कागद. पाच फेऱ्या. रेघ कुठंही फुटली नाही. सिरिंज ३० वर ओढली, पाच मिनिटांनी १ वर परतली.

२३ मे

बसवलं. तार कपलरपासून आधी खाली, सहा सेंटिमीटरचा झोळ, मग वर. थेंब झोळाच्या तळाला सुटतो, कपलरपर्यंत चढत नाही.

समोर आणि खाली आडोसा, निळ्या ड्रमच्या तीन मिलिमीटर एचडीपीई प्लास्टिकचा. डब्यापासून २५ मिलिमीटर लांब, मागं आणि वर उघडा. तळाच्या कोपऱ्यांत आधी सहा मिलिमीटरची भोकं पाडली होती. पाणंदीतून एक फेरी मारून आलं तर दोन्ही काळ्या मातीनं बंद. बाराची केली. चिखल साठवणाऱ्या आडोशापेक्षा आडोसा नसलेला बरा.

नायलॉनमुळे चासीत उष्णता जाणं थांबलं. बाहेर ३६ अंश असताना अर्धा तास भारावर चालवून डबा ६३ अंश, पूर्वी ५८ होता. आतल्या कपॅसिटरवर १०५ छापलंय, तेव्हा चालण्यासारखं आहे.

डांबरी अंडरकोटिंग चासीला खुशाल मारा, या डब्यावर आणि व्हेंटवर थेंबही नको. तसं पिवळ्या रंगात ब्रॅकेटवरच लिहून ठेवलं.

२ जुलै

पावसाचा पहिला महिना. यू०१०९ नाही. अर्थिंग ०.०६ कायम.

वॉशिंग सेंटरसाठी सूचना : नोझल खालच्या बाजूला किमान फूटभर लांब, कपलरच्या तोंडावर सरळ नाही. आयपी ६७ म्हणजे बुडणं सोसतं, प्रेशरची धार सोसतं असं नव्हे. त्यासाठी आयपी ६९ के वेगळं आहे. त्यात ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बार दाबानं, १० ते १५ सेंटिमीटरवरून मारतात. क्षारपड रानातून आली की मात्र त्याच दिवशी खालून साध्या पाण्यानं धुवावी.

४ ऑगस्ट

नदीकाठी गाडी लावणाऱ्यांसाठी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. दिवसेंदिवस पाण्यात उभ्या गाडीतला कुठलाच डबा वाचेल असं आम्ही सांगणार नाही. गाडी हलवता आली नाही तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. बारा व्होल्ट नसले तर पिन विरघळत नाही. मग गढूळ पाण्यातून निघालेलं युनिटही धुवून, वाळवून चालू होण्याची शक्यता राहते. पाणी ओसरल्यावर चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवली की ती संधी गेली.

१६ नोव्हेंबर

गळीत सुरू व्हायच्या आधी खोलून पाहिलं. व्हेंटवर मातीचा पातळ थर. मऊ ब्रशनं आणि पाण्यानं काढला, थेंब पडद्यावर गोळी होऊन घरंगळतो, पडदा ठीक. आत कोरडं. बारा व्होल्टची पिन चकचकीत. सिरिंज २ वर परतली.

खालच्या उजव्या बोल्टचा नायलॉन वॉशर चिरलाय, जास्त आवळला गेला होता. तिथं डब्याला बोल्ट लागलाय आणि ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग उमटलाय, सहा महिन्यांत. बाकी तीन ठिकाणं स्वच्छ. डाग घासून इपॉक्सी लावला, चारही वॉशर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे केले.

आडोशाच्या वरच्या कडेला पाचट अडकलेलं सापडलं. मार्चअखेर कारखाने बंद झाले की पुन्हा खोलायचं, तेव्हा चारही वॉशर आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातला इपॉक्सी पाहायचा.